बूट घालून आलेला साहेब आणि आमचं थिब्याचं नाटक

तालमीच्या तिसऱ्याच दिवशी पहिला वाद झाला, तो बुटांवरून.

नाटकात एक गोरा पोलीस अधिकारी आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाहून आणून रत्नागिरीत कैदेत ठेवलेल्या थिबा राजावर देखरेख ठेवायला सरकारनं इथे खरंच असा एक अधिकारी नेमलेला असायचा, तो आमच्या नाटकात दर थोड्या वेळानं येतो, चौकशी करतो, वहीत लिहितो आणि जातो. ही भूमिका करणारा आमचा मित्र बँकेत आहे, गेली पंधरा-वीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतोय. आमच्याकडे पद्धत अशी की तालमीच्या हॉलबाहेर चपला काढायच्या, स्टेजला हात लावून नमस्कार करायचा आणि मगच वर चढायचं. मी त्याला म्हटलं उद्यापासून तू बूट घालूनच वर यायचंस, मला त्या बुटांचा आवाज हवाय. तो म्हणाला प्रयोगाला घालीन की, आत्तापासून कशाला. मी म्हटलं नाही, आत्तापासूनच. जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "अगं, राजा जमिनीवर बसलेला असतो आणि मी बूट घालून त्याच्या बैठकीवर जायचं, मला कसंतरीच होतं." मी म्हटलं, बस, हे जे कसंतरीच होतंय ना तेच मला लोकांपर्यंत पोचवायचंय.

शेवटी असं ठरलं की नवेकोरे बूट आणायचे, रस्त्यावर एकदाही न घातलेले, ते फक्त स्टेजवर वापरायचे आणि तालीम संपली की पिशवीत. त्याला ते पटलं. तेव्हापासून तो आधी अनवाणी वर येतो, नमस्कार करतो, विंगेत बसून बूट घालतो आणि मग एंट्री घेतो.

आता हे बुटांचं प्रकरण मी डोक्यातनं काढलेलं नाही, ते थिब्याच्या राजधानीतून, मंडालेहून आलंय. बर्मी दरबारात राजासमोर जायचं तर पादत्राणं बाहेर काढायची, खाली जमिनीवर बसायचं आणि तळपाय राजाच्या दिशेनं करायचे नाहीत. इंग्रजांचा रेसिडेंटसुद्धा, म्हणजे त्यांचा दरबारातला वकील, वर्षानुवर्षं तसाच जात होता, बूट काढून. मग १८७५-७६ च्या सुमाराला कलकत्त्याच्या सरकारनं ठरवलं की आमचा माणूस यापुढे बूट काढणार नाही. तेव्हा गादीवर थिब्याचे वडील मिंडोन होते, ते हुशार आणि सबुरीनं घेणारे, पण यावर मात्र अडून बसले. परिणाम काय, तर इंग्रजांचा वकील आणि बर्माचा राजा एकाच शहरात राहूनही समोरासमोर भेटेनासे झाले. पुढे काही वर्षांनी जेव्हा इंग्रज त्या राजवाड्यात आले तेव्हा फौज घेऊनच आले, आणि फौज काही बूट काढून आत जात नाही. आपल्या कोकणातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे कितीही मोठा पाहुणा असला तरी चपला पायरीशीच काढतो, आणि कोणी तसाच माजघरात आला तर घरातलं माणूस काही बोलत नाही पण ते मनात राहतंच.

तर हे नाटक. रत्नागिरीत जन्मलेल्या कोणाला थिबा माहीत नाही असं होत नाही, थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, आमच्या शाळेची सहलसुद्धा तिकडेच, डबा खायचा, खाडीकडे बघायचं आणि घरी येऊन दहा ओळी लिहायच्या. मी पण लिहिल्या होत्या, की थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा होता, इंग्रजांनी त्याला इथे कैदेत ठेवलं, राजवाडा जांभ्याचा आहे आणि त्याला रंगीत काचा आहेत. एवढंच. तो इथे आला तेव्हा किती वर्षांचा होता हे कोणी सांगितलं नव्हतं. तो २७ वर्षांचा होता. आमच्या ग्रुपमधला लाइटवाला मुलगा आहे ना, त्याच्याएवढा. मला हे कळलं तेव्हाच खरं म्हणजे नाटक लिहायचं ठरलं, कारण आपल्या डोळ्यासमोर पडलेला राजा म्हटलं की एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो, रंगूनमधल्या बहादूरशाह जफरसारखा. बादशहा दिल्लीहून रंगूनला गेला आणि तिथेच १८६२ साली वारला, आणि तेवीस-चोवीस वर्षांनी ब्रह्मदेशाचा राजा इकडे आणला. माणसाला त्याच्या मुलखातून उपटायचं तर समुद्रापलीकडे न्यायचं हे इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं. पण जफर ऐंशीच्या पुढचा होता, आणि थिब्यापुढे अख्खं आयुष्य पडलेलं होतं, ते सगळं त्यानं इथे काढलं. १६ एप्रिल १८८६ ला आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये गेला. तीस वर्षं आणि आठ महिने.

आणि अजून एक. राजवाडा बघून सगळ्यांना वाटतं की तो तीस वर्षं तिथेच राहिला. नाही. पॅलेसमध्ये तो राहायला गेला १९१० च्या शेवटाला, म्हणजे जेमतेम सहा वर्षं. त्याआधीची चोवीस वर्षं बंगल्यांमध्ये गेली, जागा अपुरी, त्यात माणसं भरलेली. आमच्या नेपथ्यकाराला मी हे सांगितलं तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा पडला कारण त्याच्या डोक्यात अर्धगोल खिडक्या, लाल-निळ्या काचा आणि सागवानी कठडे तयार होते. पहिला अंक पूर्ण बंगल्यातच आहे, एक लाकडी पेटारा, चटया, एक उंच खुर्ची जिच्यावर फक्त अधिकारी बसतो, आणि पाऊस. काचा थेट दुसऱ्या अंकात, त्याही एकाच खिडकीला, आणि त्या खिडकीतून संध्याकाळी जो उजेड जमिनीवर पडतो तो आम्ही शेवटपर्यंत राखून ठेवलाय.

पावसावर मी फार जीव टाकलाय. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात येतं, तिथे वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या तिपटीहून जास्त आमच्या रत्नागिरीत पडतो, ३,००० मिलिमीटरच्या वर. ही माणसं आली एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या दिवसात, घामानं जीव नकोसा होतो तेव्हा, आणि दीड महिन्यात मृग लागला असेल. त्या वेळी रत्नागिरीला रेल्वे नाही, रस्ता म्हणजे घाट, सगळा व्यवहार समुद्रातून, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. म्हणजे जूनमध्ये समुद्राचं दार लागलं की बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ संपला. सरकारनं हेच गाव का निवडलं ते नकाशा बघितला की कळतं, वेगळी भिंत बांधायची गरजच नव्हती. तर त्या पहिल्या पावसाचा सीन. संगीत करणाऱ्या पोरानं मोबाइलवर पावसाचा छान रेकॉर्डेड ट्रॅक आणला, स्पीकरवर लावला आणि तो अगदी टीव्ही सिरियलमधल्या पावसासारखा वाटला. मग आमच्यातले एक काका आहेत, नमन-खेळ्यांत मृदंग वाजवतात, ते काही न बोलता उठले, घरी गेले आणि सूप घेऊन आले. सुपात तांदूळ घातले आणि हळूहळू फिरवायला लागले, एका कडेनं दुसऱ्या कडेला. आधी बारीक सर, मग जोर, मग कौलांवर एकसुरी पडणारा तो आपला आषाढातला पाऊस, डोळे मिटले तर वाटावं की छत गळायला लागेल. आता प्रयोगात काका विंगेत बसून सलग अकरा मिनिटं सूप फिरवतात. मनगट भरून येतं म्हणतात, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

त्या अकरा मिनिटांत राजा एकही वाक्य बोलत नाही. यावर पण वाद झाला, कारण माझ्या पहिल्या खर्ड्यात तिथे दोन पानांचं स्वगत होतं. आपण ऐतिहासिक नाटकं ऐकतच लहानाचे मोठे झालो, राजा म्हटला की भरजरी वाक्यं आलीच, "हे नियती!" वगैरे, टाळ्यांच्या जागा ठरलेल्या. मी पण तसंच लिहिलं होतं आणि वाचनाच्या दिवशी मोठ्यानं वाचताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. हा माणूस मराठी बोलणाऱ्या गावात आलाय, त्याला इथली भाषा येत नाही, आजूबाजूच्या नोकरांना त्याची येत नाही, मधे एक दुभाषी, आणि मी त्याच्या तोंडी संस्कृतप्रचुर मराठी घालून त्याला आपल्या पौराणिक राजांच्या रांगेत उभा केलाय. सगळं काढून टाकलं. आता राजा कमी बोलतो, साधं बोलतो, आणि मराठी बोलतात ती भोवतालची माणसं, आचारी, पाणक्या, दरवान, दाई, अगदी आमच्या खालच्या आळीतली बोली. प्रेक्षक त्यांच्या बाजूनं राजाकडे बघतो. मला हेच बरोबर वाटतं, कारण आपली माणसं तेव्हा तिथेच तर उभी होती ना, कुंपणापाशी.

पण म्हणून त्याला बिचारा करून टाकायचं नव्हतं. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. १८७९ च्या फेब्रुवारीत, गादीवर बसल्यानंतर काही महिन्यांतच, मंडालेच्या राजवाड्यात राजकुळातली कितीतरी माणसं मारली गेली, सावत्र भाऊ, बहिणी, पोरंसोरं, कारण ती पुढेमागे गादी मागतील. हे थिब्याच्या नावावर आहे. हुकूम त्याचा होता, की सासूचा होता, की मंत्र्यांचा, यावर लोक बोलत राहतात, पण राजा तो होता. इंग्रजांनी या गोष्टीचा पुढे भरपूर वापर केला, त्याला राक्षस रंगवला, म्हणजे मग राज्य घेताना आपण उपकार करतोय असं दिसतं. आणि खरं कारण काय तर सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी तिथली जंगलं तोडत होती, दरबारानं म्हटलं तुम्ही ओंडके कमी दाखवून आमचा पैसा बुडवलात, दंड ठोठावला, २३ लाख रुपये. शिवाय थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता ते वेगळंच. ऑक्टोबर १८८५ मध्ये इंग्रजांचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्याला बोटी इरावती नदीतून वर निघाल्या, आणि महिना संपायच्या आत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा, आणि १ जानेवारी हाच थिब्याचा वाढदिवस. हे मी नाटकात घेतलं नाही, कोणी विश्वास ठेवला नसता.

तर आमच्या पहिल्या अंकात एक जागा आहे, रात्री राजाला झोप लागत नाही आणि तो दाईला विचारतो, बाहेर मुलं रडतायत का. दाई म्हणते नाही महाराज, कोल्हे आहेत. एवढंच. पुढे काही स्पष्टीकरण नाही. ज्याला १८७९ माहितीये त्याला कळतं, ज्याला नाही त्याला नुसता काटा येतो. राजाचं काम करणाऱ्या सरांना (ते शाळेत इतिहासच शिकवतात) मी विचारलं होतं की तुम्हाला हा माणूस आवडतो का. म्हणाले, "आवडत नाही, पण त्याला सोडून घरी जाता येत नाही." मला वाटतं अशाच भावनेनं ही भूमिका करायला हवी.

राणीबद्दल लिहायचं तर वेगळंच नाटक होईल. सुपयालत. थिब्याची सावत्र बहीण आणि राणी, तिची धाकटी बहीण पण त्याचीच राणी, दोघी रत्नागिरीत होत्या. सुपयालतला सगळ्यांनी खलनायिका केलंय, घमेंडखोर, राजाला बोटावर नाचवणारी. असेल. पण मंडालेहून निघताना तिला दोन मुली होत्या आणि ती पोटुशी होती. राजवाड्याबाहेर त्यांना हत्तीवरून नाही, पालखीतून नाही, बैलगाडीतून नेलं, आपल्या डोळ्यासमोर रोज जाणारी असते तशी बैलगाडी, दोन्ही बाजूंना गोऱ्या शिपायांच्या रांगा आणि रस्त्यावर लोक रडतायत. नदीवर आगबोट, मग रंगून, मग मद्रास. तिसरी मुलगी मार्च १८८६ मध्ये मद्रासला झाली, आणि महिनाभराच्या ओल्या बाळंतिणीला बोटीत घालून रत्नागिरीला आणलं, बोटीचं नाव क्लाइव्ह. चौथी मुलगी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रत्नागिरीतच जन्मली. आमच्याकडे राणीचं काम करणारी मुलगी स्वतः नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आलीये, तिनं बोटीचा प्रसंग पहिल्यांदा वाचला आणि म्हणाली, ताई, मी हे बसून बोलणार, उभं राहून नाही जमणार कोणाला. बोटीवर ती आता बसूनच आहे, पाठ टेकून, आणि तरी सगळ्या सीनवर तिचीच हुकमत आहे.

आता टिळक.

हा मोह सगळ्यात मोठा होता. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा, आणि १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा पाठवलं कुठे तर मंडालेला, थिब्याच्याच त्या जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आत असलेल्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, एकाच वेळी, १९०८ ते १९१४. गीतारहस्य तिथे लिहिलं गेलं. असं जर समोर आयतं पडलेलं असेल तर कुठला नाटककार सोडेल, मी पण नाही सोडलं, स्वप्नातली भेट लिहिली, एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला थिबा, मधे निळा प्रकाश. ग्रुपला प्रचंड आवडली. आणि पहिल्याच रनथ्रूला काय झालं, तर पगडी आणि उपरणं दिसल्याबरोबर बघायला बसलेल्या सात-आठ जणांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यानंतर राजा काय बोलला ते कोणी ऐकलंच नाही. आपल्या स्टेजवर टिळक आले की दुसऱ्या कोणाला जागा उरत नाही, आणि ते बरोबरही आहे, पण हे नाटक त्यांचं नाही. शिवाय खरा फरक त्यात पुसला जात होता. टिळकांची शिक्षा सहा वर्षांची होती, त्यांना तारीख होती, बाहेर वाट बघणारे लोक होते, करायला काम होतं. थिब्याला तारीखच नव्हती.

तो सीन काढला. लोक नाराज झाले माझ्यावर, ज्यानं टिळकांचं काम केलं होतं तो तर दोन दिवस आला नाही. त्याऐवजी आता एवढंच आहे की ओटीवर एक कारकून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतोय, दरवान आणि आचारी ऐकतायत, खटला, शिक्षा, सगळं मराठीत, राजा आत पाठमोरा बसलाय, त्याला त्यातलं काही कळत नाही. मग कारकून म्हणतो "मंडालेस रवानगी". आणि राजा वळतो. त्या अख्ख्या बातमीतला एकच शब्द त्याला कळलाय, त्याच्या गावाचं नाव. तो उठून दारापर्यंत येतो, कारकून घाबरून पेपर मिटतो. अंधार. हा प्रसंग माझ्या कल्पनेतला आहे, असं घडल्याची नोंद वगैरे काही नाही.

कल्पनेतला अजून एक प्रसंग आहे, शिमग्याचा. श्री देव भैरीची पालखी आणि ढोल बंगल्याच्या रस्त्यावरून जातात. मी आधी लिहिलं होतं की राजा खाली येतो, आपल्या चपला काढतो आणि पालखीसमोर उभा राहतो, म्हणजे ज्याच्यासमोर सगळे पादत्राणं काढायचे तोच आता काढतोय. लिहिताना मला फार भारी वाटलं होतं. सूपवाले काका ऐकून म्हणाले, "तो नाय असा करणार गो. तो त्यांच्या धर्माचा राजा. आणि तू त्याला वाकवतेस ती आपल्याला बरं वाटावं म्हणून." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, पण रात्री घरी जाऊन विचार केला आणि काका बरोबर होते. आता राजा वरतीच खिडकीत उभा असतो. खाली धावत येते ती त्याची थोरली मुलगी. ती दाईचं बघून सपाता फेकते, गुलालात अनवाणी उभी राहते आणि पालखी नाचवणाऱ्यांबरोबर ओरडते, मराठीत. राजाला पहिल्यांदा कळतं की पोरीला ही भाषा येते. तो आनंदतो का दुखावतो हे सरांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही, दर तालमीला वेगळं दिसतं.

या थोरल्या मुलीकडेच मला जायचं होतं पहिल्यापासून. म्यात फया जी. मंडालेत सोन्याच्या पाळण्यात वाढायची ती मुलगी, पाच-सहा वर्षांची असताना रत्नागिरीला आली. वर म्हणून तिच्या तोलामोलाचा राजपुत्र इथे कुठून मिळणार, आणि राजाची मुलगी कोणालाही कशी द्यायची. वयं वाढत गेली. शेवटी तिचं मन जडलं ते वाड्यावरच नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर, दरवान, आधीच लग्न झालेले. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टूटू. १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला. राणीनं पार्थिव ब्रह्मदेशात न्यायची परवानगी मागितली, मिळाली नाही, दोन वर्षांहून जास्त काळ ती शवपेटी तशीच, आणि शेवटी मार्च १९१९ मध्ये इथेच रत्नागिरीत समाधी, शेजारी धाकटी राणी. मग राणी आणि मुली बोटीनं रंगूनला परत गेल्या. सुपयालत १९२५ ला रंगूनमध्येच वारली. आणि थोरली? थोरली टूटूला घेऊन थोड्याच काळात परत आली. इकडे. रत्नागिरीला. स्वतःहून.

मला याचं इतकं वाटतं ना. सगळे म्हणतात तिची शोकांतिका झाली, राजकन्या असून गरिबीत गेली, १९४७ ला इथेच वारली. गरिबी होती हे खरंच आहे, त्याला छान छान म्हणायचं नाही मला. टूटू पण साध्या कष्टाच्या संसारातच राहिली, मराठीच बोलायची, आणि २००० साली गेली, म्हणजे मी शाळेत असताना, आम्ही पॅलेसवर सहल नेऊन दहा ओळी लिहीत होतो तेव्हा राजाची नात याच गावात होती आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन इथे आले, समाधीवर गेले, तेव्हा कुठे गावातल्या बऱ्याच जणांना कळलं की समाधी नेमकी कुठे आहे.

त्यामुळे आमचं नाटक राजाच्या मृत्यूवर संपत नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं की बाई, राजा मेला की पडदा, नंतरची दहा मिनिटं प्रेक्षक थांबत नाही, बसच्या वेळा असतात लोकांच्या. मी ती दहा मिनिटं ठेवली. बंदर आहे. आगबोट लांब उभी, पडावातून दोघी उतरतात, आई आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी. मुलगी गुडघाभर पाण्यातून चालत येते, आईला हात देते आणि म्हणते, "आये, वाळू तापलीया, पदर धर नि बिगीबिगी चल." बस.

परवा सावरकर नाट्यगृहात प्रयोग झाला, स्पर्धेचा. तिसरी घंटा झाली तेव्हा मला विंगेत उभं राहवत नव्हतं. थिएटर पूर्ण भरलं नव्हतं, पण बाल्कनीतही माणसं होती. बुटांचा पहिला आवाज आला, प्लायवूडच्या लेव्हलवर, ठक, ठक, आणि प्रेक्षकांत कुणीतरी म्हातारं माणूस अगदी स्पष्ट म्हणालं, "अरे, चपला काढ की." हसले काही जण. मी नाही हसले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाला एकदम शांतता. कारकुनाच्या सीनला माझ्या अपेक्षेपेक्षा कमी मिळालं, वाचण्याचा वेग जास्त झाला, ते पुढच्या वेळी धरायचंय. खिडकीच्या काचांचा उजेड एका लाइटनं दगा दिल्यामुळे अर्धाच पडला, फक्त लाल, निळा आलाच नाही. आणि शेवटच्या दहा मिनिटांत चार-पाच खुर्च्या वाजल्या, बस्स, बाकी सगळे बसून होते.

प्रयोग झाल्यावर मेकअपरूममध्ये एक आजी आल्या, लुगडं नेसलेल्या, नातवाचा हात धरून. राजाला, राणीला भेटल्या नाहीत, टूटूचं काम करणारी आमची आठवीतली पोर कुठेय विचारलं. तिच्या पायांकडे बघितलं, पाय अजून ओले होते, घमेल्यातल्या पाण्याचे. आजींनी पदरानं पुसले तिचे पाय. "सर्दी होईल गो," म्हणाल्या, आणि गेल्या.

निकाल यायचाय. रविवारी पुन्हा तालीम ठेवलीये, कारकुनाच्या सीनसाठी. बूट माझ्याकडेच आहेत, पिशवीत, तळवे अजून कोरे.